मेलेल्या माकडाची साक्ष

धोबीतलावाजवळ डॉ. आकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याजवळून रोज हजारो मुंबईकर घाईने जातात. वर मान करून पाहणारे थोडे, आणि हे गृहस्थ कोण हे सांगू शकणारे त्याहून थोडे. मूळच्या गोमंतकीय असलेल्या या डॉक्टराने १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागातील एक रोगी तपासून, हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निर्भयपणे जाहीर केले. पण मांडवीतल्या धान्याच्या वखारींत त्याची वर्दी आधीच लागली होती. तेथे उंदीर मरून पडत होते. त्या मेलेल्या उंदरांकडे ना सरकारने पाहिले, ना शहाण्यासुरत्या नागरिकांनी. पुढे मात्र ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द मराठी घराघरांत धडकी भरविणारे ठरले. उंदीर पडला की चूल विझवायची, पोरेबाळे घेऊन माळावरच्या झोपडीत राहावयास जायचे, ही रीत लोकांनी स्वानुभवाने शोधून काढली. उंदरांवरची पिसू हा रोग माणसाला देते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे जनावर आधी मेले, माणूस नंतर मेला आणि शास्त्र सर्वांत शेवटी आले. मधल्या काळात सरकारने माणसांची घरे उघडली, पेट्या उघडल्या, इभ्रत उघड्यावर आणली. फक्त डोळे तेवढे उघडले नाहीत.

या गोष्टीला सव्वाशे वर्षे होऊन गेली. आम्ही ती आज उगाळीत बसलो आहोत याचे कारण एवढेच, की त्या वेळी उंदरांनी दिलेली साक्ष आपल्याच कोकणात आता माकडे देत आहेत, आणि ती ऐकून घेण्याच्या बाबतीत आपण १८९६ च्या मुंबईपेक्षा फारसे पुढे गेलेलो नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग आणि सावंतवाडी या तालुक्यांतील खेडुतांना ‘माकडताप’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबईतल्या सुशिक्षित वाचकाला तो समजावून सांगावा लागतो, हीच या अग्रलेखामागची खरी खंत आहे. कारण माकडताप हा नवा रोग नाही, अज्ञात रोग नाही, आणि त्याच्याविषयीचे मोलाचे ज्ञान परदेशातून आणावयाचे आहे असेही नाही. ते ज्ञान ह्या महाराष्ट्रातच, पुण्याच्या प्रयोगशाळेत, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीपासून सिद्ध होत आले आहे. ज्ञान पुण्यात आहे आणि मरण दोडामार्गात आहे. या दोहोंमधले अंतर का तुटत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

हकीगत मुळापासून सांगितली पाहिजे. १९५७ च्या मार्च महिन्यात त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडत असल्याची बातमी पुण्यात पोहोचली. त्याच अरण्याच्या कडेच्या गावांतून माणसेही तीव्र तापाने आजारी पडत होती आणि मरत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले होते. तेथील डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तातडीने त्या रानात गेले. त्यांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची; कारण माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसे मरतात ही पीतज्वराची आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील ओळखीची खूण होती. पीतज्वराने आशिया खंडात कधी पाऊल ठेवलेले नव्हते. तो भारतात शिरला असता तर केवढा हाहाकार उडाला असता याची कल्पनाही करवत नाही. सुदैवाने तो पीतज्वर नव्हता. मेलेल्या माकडांच्या आणि आजारी माणसांच्या रक्तात जो विषाणू सापडला तो सर्वस्वी नवा होता. त्याचे नाते रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या आणि सैबेरियातील ओम्स्क रक्तस्रावी ज्वराच्या विषाणूंशी जुळत होते. ज्या अरण्यात तो सापडला त्याचेच नाव त्याला मिळाले. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत ‘क्यासनूर अरण्यज्वर’ अशी नोंद झाली आणि कर्नाटकातल्या एका आडबाजूच्या रानाचे नाव अशा रीतीने अजरामर झाले. अशी कीर्ती कोणत्याही गावाच्या वाट्यास न येवो!

सैबेरियातल्या रोगाचा हा भाऊबंद सह्याद्रीत आला कसा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नसेल? या शंकेचे निरसन करण्याच्या कामी आपल्या मुंबईचा हातभार लागला, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ साली स्थलांतरित पक्ष्यांचा अभ्यास आरंभिला, आणि डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्षी जाळ्यात धरून, पायांत कडी घालून पुन्हा आकाशात सोडण्यात आले. पक्षी कोठून येतात, कोठे जातात यासंबंधीचे आपले ज्ञान त्या कार्यामुळे किती तरी वाढले. पण या रोगाचा आरोप पक्ष्यांवर शाबीत झाला नाही. संकट आले की ते परक्या मुलुखातून आले असे मानण्याकडे मनुष्याचा कल असतो. त्यामुळे स्वतःच्या घराची झडती घ्यावी लागत नाही. क्यासनूरच्या प्रकरणात मात्र शास्त्रज्ञांना अखेर घराचीच झडती घ्यावी लागली, आणि तेथे जे सापडले ते आपणा सर्वांना लाजविणारे आहे.

या रोगाचा खरा वाहक म्हणजे रानातली एक गोचीड. ती आयुष्यात तीन वेळा रक्त पिते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गुराच्या अंगावर चढते, पोटभर रक्त पिऊन खाली गळते आणि पाचोळ्यात शेकड्यांनी अंडी घालते. पावसाळा सरला की त्यांतून बारीक पिल्ले बाहेर पडतात आणि उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी यांसारख्या लहान जिवांवर चरतात. कात टाकून ती जराशी मोठी झाली, तरी डोळ्यांना चटकन दिसणार नाहीत इतकी लहानच असतात. आणि नेमक्या याच अवस्थेत, डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, ती माकडांना आणि माणसांना चावतात. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर हे दोघेही या विषाणूला फार लवकर बळी पडतात. माकड मेले की त्याच्या थंड होत चाललेल्या देहावरून गोचिडी खाली उतरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा विषाचे आगर होऊन बसतो. तेथून जो अनवाणी जाईल त्याच्या पायाला ते विष चिकटते. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. म्हणजे रोग्याला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही. माणूस ही या विषाणूची वाट संपण्याची जागा आहे. दुर्दैवाने तेथे कधी कधी माणसाचीही वाट संपते.

एवढ्याने कथा पुरी होत नाही. हा विषाणू त्या रानात कदाचित युगानुयुगे गुपचूप नांदत असेल. तो एकाएकी माणसावर का उलटला? पुण्याच्या केंद्रातर्फे क्यासनूरच्या प्रदेशात काम केलेले डॉ. जॉर्ज बोशेल यांनी १९६९ साली या प्रश्नाचे उत्तर मांडले. लोकसंख्या वाढली, रान तोडून भातखाचरे आणि सुपारीच्या बागा झाल्या, दाट अरण्याचे तुकडे पडले, आणि त्या तुकड्यांच्या कडांवर गुरे मोठ्या संख्येने चरू लागली. गुरे या तापाने आजारी पडत नाहीत. पण गोचिडीला रक्ताची मेजवानी मात्र देतात. जेथे शंभर गोचिडी होत्या तेथे हजारो झाल्या. रानाच्या पोटातले वैर आपणच कुऱ्हाडीने उकरून काढले आणि गुरांच्या पाठीवर बसवून ते गावच्या वेशीपर्यंत आणले. अलीकडच्या वर्षांत भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून केलेल्या पाहणीतही हाच निष्कर्ष निघाला आहे: घनदाट रानात धोका कमी आणि उघड्या माळावरही कमी, तो सर्वांत अधिक तेथे, जेथे रान, बाग आणि गुरे यांची सरमिसळ झालेली असते. माकडाला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बागायतीची नासधूस करणाऱ्या माकडांविषयी कोकणातल्या शेतकऱ्याच्या मनात जो संताप आहे तो आम्ही समजू शकतो. पण या तापाच्या बाबतीत माकड हा गुन्हेगार नव्हे. तो पहिला बळी आहे, आणि म्हणूनच पहिला साक्षीदारही आहे.

आता या रोगाच्या प्रवासाकडे पाहावे. पहिली काही दशके तो शिमोग्याच्या आसपास घुटमळत राहिला. १९८० नंतरच्या वर्षांत दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात रानाचा मोठा पट्टा साफ करून काजूची लागवड करण्यात आली, आणि त्या तोडीत राबलेल्या मजुरांत व भोवतालच्या गावांत तापाचा भडका उडाला. मार्क निक्टर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने त्या साथीवर लिहिताना याला विकासाचा रोग म्हटले. शब्द बोचरा आहे, पण खोटा नाही. २०१२ साली बंडीपूरच्या रानात मेलेली माकडे हाताळणारे कामगार आजारी पडले. पुढे केरळातील वायनाड, २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यातले पाळी, आणि २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गातील दोडामार्ग, अशी पावले टाकीत हा रोग आपल्या उंबरठ्यावर आला. त्या एका हंगामात आपल्या जिल्ह्यातील शंभरावर माणसांना त्याची बाधा झाली. दुसऱ्या वर्षी तो बांद्याच्या बाजूस सरकला. सत्तरी आणि दोडामार्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, पण ती गोचिडीला आणि माकडाला ठाऊक नाही. ठाऊक होती ती फक्त कचेऱ्यांना! शेजारच्या गोव्यात ताप धुमसत असताना वर्षभरात तो आपल्याकडे येऊ शकेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. सह्याद्रीचा एक नकाशा पुरेसा होता.

गोव्यात काय आणि सिंधुदुर्गात काय, आजारी पडले ते प्रामुख्याने काजूच्या बागांत राबणारे लोक. त्यांचा दिवस कसा जातो हे मुंबईच्या वाचकाने एकदा डोळ्यांसमोर आणावे. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. बोंडू पिकून गळून पडतो आणि पहाटे उठून बायामाणसे, पोरेसोरे पाचोळ्यात वाकून तो वेचतात. बी वेगळी करून बाजारात जाते. गोव्याच्या बाजूस बोंडाच्या रसाची फेणी होते. याच दिवसांत भातरोपांची जमीन भाजण्यासाठी रानातला पालापाचोळा भाऱ्यांनी घरी आणून रचला जातो. आणि असा पाचोळा घराशेजारी साठविण्याचा या रोगाशी संबंध असल्याचे शिमोग्याकडील तपासांत दिसून आले आहे. म्हणजे ज्या चार महिन्यांत या माणसाची वर्षाची कमाई व्हावयाची, नेमक्या त्याच चार महिन्यांत गोचिडीचे पिल्लू त्याची वाट पाहत असते. रानात जाऊ नका, असे त्याला सांगणे म्हणजे जेवू नका असे सांगणे होय. असा सल्ला देणाऱ्याला पगार महिन्याच्या पहिल्या तारखेस मिळत असतो, हे विसरता कामा नये.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येतो तो एकाएकी. कपाळ फुटेल की काय असे डोके दुखते, अंग ठेचल्यासारखे होते, डोळे लाल होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून, आतड्यांतून रक्त जाऊ लागते. पुष्कळ जण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. परंतु काहींना बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप उलटतो आणि मग मेंदूवर त्याचे परिणाम दिसतात. शंभर रोग्यांपैकी साधारण तीन ते पाच दगावतात. जे वाचतात त्यांचीही शक्ती किती तरी दिवस परत येत नाही, आणि हंगाम तर थांबत नाही. या रोगावर नेमके औषध नाही. रोग्याला विश्रांती, पाणी, रक्त आणि दक्ष शुश्रूषा एवढेच देता येते. पण ते वेळेवर मिळाले तर पुष्कळांचे प्राण वाचतात. म्हणूनच निदान लवकर होणे हाच अर्धा उपचार आहे. हिवतापाच्या गोळ्या देऊन आठवडाभर वाट पाहणे हा उपचार नव्हे, उपेक्षा आहे.

मग लशीचे काय, असे वाचक विचारील. लशीची कहाणी हा या प्रकरणातला सर्वांत क्लेशदायक भाग आहे. रशियन मेंदूज्वराची लस पहिल्याच वर्षांत वापरून पाहिली गेली; तिचा उपयोग झाला नाही. पुढे खास या विषाणूची मारक लस तयार झाली आणि १९९० पासून कर्नाटकात ती टोचली जाऊ लागली. पण २००५ ते २०१० या वर्षांतल्या अनुभवाची छाननी झाली तेव्हा असे आढळले की दोन मात्रांनी मिळणारे संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतरचे सुमारे ८३ टक्केच होते. टोचणी दुखरी, मात्रा वरचेवर घ्याव्या लागणाऱ्या, म्हणून लोकही ती टाळीत. लशीचा कस उत्तरोत्तर कमी होत गेला आणि २०२२ साली कर्नाटकात तिचा वापर थांबला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हैदराबादच्या एका उत्पादक संस्थेबरोबर नव्या लशीचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु रोग सापडला १९५७ साली, आणि भरवशाची लस हाती देण्याचा प्रयत्न जोमाने सुरू झाला तो साठ वर्षे उलटल्यावर, या हिशेबाची आम्हांला लाज वाटते.

यावर कोणी म्हणेल, शास्त्राला वेळ लागतोच. आम्ही विचारतो, खरोखरच लागतो काय? २०२० साली करोना आला. पुण्याच्या याच संस्थेने तो विषाणू वेगळा करून वाढविला, त्यापासून भारतीय लस सिद्ध झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिच्या वापरास परवानगीही मिळाली. एका वर्षात जे साधले ते साठ वर्षांत का साधले नाही? बुद्धी तीच, संस्था तीच, देश तोच. फरक एवढाच, की करोना मंत्र्याच्या बंगल्यात आणि कारखानदाराच्या दिवाणखान्यात शिरू शकत होता. माकडताप बोंडू वेचणाऱ्या बाईच्या झोपडीपलीकडे जात नाही. ही आपल्या एकट्याच देशाची रीत आहे असेही नव्हे. आफ्रिकेतील इबोला हा असाच रक्तस्रावी ज्वर १९७६ साली ओळखला गेला. त्यावरची एक लस माकडांना वाचविते हे २००५ साली सिद्ध झालेले असूनही ती जवळजवळ दहा वर्षे कपाटात पडून राहिली. २०१४ नंतर पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांवर माणसे मेली आणि रोग विमानात बसून युरोप-अमेरिकेत पोहोचला, तेव्हा कपाट उघडले. गरिबाच्या रोगाला बाजार नसतो. आणि जेथे बाजार नसतो तेथे सरकार असावे लागते. त्यासाठीच तर सरकार असते!

आमचा रोख संशोधकांवर नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांच्यापुढे आमचे मस्तक नम्रच होते. या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतील पुष्कळ कर्मचाऱ्यांना काम करता करता त्याची बाधा झाली, आणि पुण्यातले ते काम काही काळ आवरते घ्यावे लागले. क्यासनूरच्या रानात गोचिडी वेचणाऱ्या साध्या क्षेत्रसेवकापासून, पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संचालक झालेल्या आणि या ज्वराच्या लक्षणांचा सविस्तर अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. खोरशेद पावरींपर्यंत, अनेकांच्या परिश्रमांनी हे ज्ञान उभे राहिले आहे. अत्यंत घातक विषाणूंवर सुरक्षितपणे काम करता यावे म्हणून पुण्यात पाषाण येथे चौथ्या स्तराची प्रयोगशाळा २०१२ साली सुरू झाली. अलीकडे जागच्या जागी करता येईल अशी चाचणीही सिद्ध झाली आहे. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. खंड पडतो तो त्यांच्या टाचणवहीपासून गावच्या चावडीपर्यंतच्या वाटेत.

आणि मुंबईकरांनी तरी निश्चिंत का राहावे? २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यातील एक स्त्री क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराने दगावली. भारतात त्या रोगाची ती पहिली सिद्ध झालेली नोंद. तोही गोचिडीचाच रोग. पण तो रोग्याच्या रक्तातून दुसऱ्याला होतो, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व शुश्रूषा करणारी परिचारिका यांनाही त्याने नेले. निपाहचे अवशेष महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत सापडल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तेथे माणसाला बाधा झालेली नाही, पण वटवाघळांनी दिलेली ती सूचना आहे. जुलै २००५ च्या महापुरानंतर उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरला आणि या शहरातली किती माणसे त्याने गिळली, हे मुंबईला विसरता येणार नाही. शिवाय मे महिन्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन गावी जाणारा चाकरमानी रानाच्या कडेनेच फिरत असतो. परतल्यावर त्याला ताप आला तर मुंबईतल्या डॉक्टराच्या मनात माकडतापाची शंका येईल काय? तो रोग्याला ‘गावी गेला होता काय’ असे विचारील काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि थोड्या आहेत. पहिली, मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी नोंदली जावी. ही खबर तलाठ्याकडे द्यावयाची की वनरक्षकाकडे, पशुवैद्याकडे की आरोग्यसेविकेकडे, या घोळात माकड कुजून जाते आणि गोचिडी मोकळ्या होतात. माकड वनखात्याचे, गुरे पशुसंवर्धनाची आणि माणूस आरोग्याचा, ही वाटणी विषाणूला मान्य नाही. तेव्हा हंगामापुरता तरी या तिन्ही खात्यांवर जिल्ह्यात एकच जबाबदार अधिकारी असावा, आणि खबर देणाऱ्याला हेलपाटे नव्हेत, शाबासकी मिळावी. माकडाला हनुमंताचे रूप मानून कित्येक गावांत त्याला मूठमाती दिली जाते. त्या श्रद्धेचा उपहास न करता, शव उघड्या हातांनी हाताळू नये एवढे लोकांना प्रेमाने समजावून सांगितले पाहिजे.

दुसरी, तापाच्या रोग्याचे रक्त तपासून निकाल जिल्ह्यातच, आणि तासांत, मिळावा. त्यासाठी चाचणी आहे, उणीव आहे ती नेमणुकांची आणि पुरवठ्याची. तिसरी, अंगाला लावावयाचे गोचीड-प्रतिबंधक तेल हंगाम सुरू होण्यापूर्वी, डिसेंबरातच, घरोघर पोहोचावे. रोगी दगावल्यावर वाटलेले तेल म्हणजे बैल गेला नि झोपा केला! चौथी, नवी लस सिद्ध होईल तेव्हा तिची पहिली मात्रा काजूच्या बागेत राबणाऱ्याला मिळावी, आणि बाजार नाही म्हणून ती अडणार नाही अशी हमी सरकारने आजच द्यावी. पाचवी, आजारपणात बुडालेली मजुरी भरून देण्याची तरतूद व्हावी; कारण ज्याला घरी बसणे परवडत नाही तो ताप अंगावर काढतो आणि उशिरा दवाखान्यात येतो. आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची: सह्याद्रीच्या उतारावर रान तोडून बागा करण्याची परवानगी देताना, तेथे किती उत्पन्न होईल याबरोबरच तेथे कोणता रोग उठेल हाही प्रश्न विचारला जावा. क्यासनूरने आणि बेळतंगडीने हा धडा आपल्याला दोनदा शिकविला आहे. तिसऱ्यांदा फी भरण्याची हौस कशाला?

यांतली एकही मागणी कोट्यवधींचा चुराडा करणारी नाही. दरवर्षी ताप येतो, दरवर्षी पथके धावतात, पत्रके वाटली जातात, आश्वासने दिली जातात. पहिल्या पावसाबरोबर गोचिडी पाचोळ्याखाली जातात आणि कागद फायलींखाली. गोचीड निदान डिसेंबरात पुन्हा बाहेर येते. फायल येत नाही.

रोगी हाच रोगाची पहिली खबर ठरावा, ही कोणत्याही सुधारलेल्या राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे. निसर्ग माणसाला मारण्यापूर्वी ताकीद देतो. १८९६ साली ती मांडवीच्या वखारीत दिली होती, १९५७ साली क्यासनूरच्या रानात दिली, २०१६ साली दोडामार्गच्या काजूबागेत दिली. पहिल्या वेळी आपण अज्ञानी होतो, म्हणून क्षम्य होतो. आज ज्ञान हाताशी असताना जर बोंडू वेचणाऱ्या एखाद्या माउलीचा बळी गेला, तर तो गोचिडीने घेतला असे आम्ही म्हणणार नाही. माकडाने साक्ष दिली आहे. आता निवाडा सरकारने द्यावयाचा आहे.